होलसेल दुकानात लागलेल्या मुलाने रिटेलचा कोर्स करावा का?

तुमचा धाकटा भाऊ बारावीनंतर भुसारच्या होलसेल दुकानात लागलाय, आणि एक क्लासवाला रिटेल मॅनेजमेंटसाठी भरमसाट फी मागतोय. भरावी का, असं विचारलंय. माझं मत, सध्या अजिबात भरू नका. मी पुण्याच्या मार्केट यार्डात गाळ्यावरच काम शिकलो, आता नवी पोरं माझ्या हाताखाली तयार होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याला आधी माल उतरवून घ्यायला शिकू द्या. काउंटरवर बोलायला शिकतो माणूस, पण धंदा कळतो तो दारात गाडी लागल्यावर. समजा तूरडाळ आली. बिल आणि बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती, हातात धरून कट्टे मोजायचे, मधलेच दोन-चार काट्यावर टाकायचे, कुठे शिवण उसवून पुन्हा घातलीय का बघायचं. कट्ट्याला टोचा मारून मूठभर डाळ काढायची, दाताखाली धरली की ओल लगेच कळते. कट्टा भिजलेला किंवा कमी निघाला, तर ड्रायव्हर समोर असतानाच बिल्टीवर तसं लिहून त्याची सही घ्यायची. गाडी एकदा गेली की तुटीचं भांडण फोनवर कुणी जिंकत नाही. मग थप्पी लावताना जुना माल पुढे, नवा मागे. हे ज्याला नीट येतं त्याच्या हातात मालक गोडाऊनची किल्ली देतो, आणि पगार तिथून वाढतो.

दुसरं म्हणजे दिवाणजींजवळ, म्हणजे दुकानाचा हिशोब लिहिणाऱ्यांजवळ, रोज थोडा वेळ बसायचं. एचएसएन कोड (जीएसटीसाठी प्रत्येक मालाला दिलेला नंबर), जीएसटीचे दर, ई-वे बिल (माल गाडीने पाठवताना काढायचं ऑनलाइन कागदपत्र), उधारीचं खातं. 22 सप्टेंबर 2025 ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल 18 वरून 5 टक्क्यांवर आलं, तेव्हा जुन्या एमआरपीच्या मालाचं बिल कसं करायचं हे समजणारा पोरगा प्रत्येक दुकानाला हवा होता.

राहिला प्रश्न सर्टिफिकेटचा. ते हवंच, कारण उद्या मॉलमध्ये किंवा कंपनीच्या डेपोत अर्ज केला तर "दुकानात होतो" एवढ्यावर भागत नाही. पण त्यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आहे, आणि तिच्यात मुलाकडून फी घेत नाहीत. काम आधीच येणाऱ्यांसाठी तिच्यात आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग, म्हणजे आधी शिकलेल्या कामाला मान्यता) हा भाग आहे: थोडं मार्गदर्शन, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. कॅशियर, सेल्स असोसिएट, टीम लीडर अशा कामांचे निकष रिटेलर्स असोसिएशन्स स्किल कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते. जवळच्या केंद्रात सध्या कोणती बॅच आहे ते स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी वेबसाइटवर बघा.

आणि एक गोष्ट दुकानदारांनाही माहीत नसते. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली 30 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, पण 4 ते 29 माणसं असलेलं दुकानही स्वखुशीने घेऊ शकतं. विद्यावेतनाचा काही वाटा सरकार उचलतं. भावाच्या शेठजींकडे चार-पाच माणसं असतील तर हा विषय त्यांच्याकडे जरूर काढा. दिवाळीच्या गर्दीत नको, ती ओसरल्यावर दुपारी निवांत गाठा त्यांना.