पहिलं डिले पेडल कोणतं?

प्रश्न : बँडमध्ये लीड गिटार वाजवतो. ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं) पेडल आहे, आता डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारं पेडल, घ्यायचं आहे. अ‍ॅनालॉग की डिजिटल? मित्राचं डिले जोडून पाहिलं, तर सोलो नुसता गढूळ झाला.

उत्तर : बँडसाठी टॅप टेम्पो (पायाने ठोके देऊन लय ठरवायची सोय) असलेलं डिजिटल घ्या. अ‍ॅनालॉगचा प्रतिध्वनी दर फेरीला मऊ होत विरतो, कानाला गोडच लागतो. पण सूर आणि प्रतिध्वनी यांच्यात मिळणारा वेळ तोकडा. बॉसच्या जुन्या डीएम-२ मध्ये ३०० मिलिसेकंद, एमएक्सआरच्या कार्बन कॉपीत ६००. शिवाय बहुतेकांत लय नॉब फिरवून अंदाजानेच जुळवायची, आणि ड्रमर पुढे सरकला की सगळं विस्कटतं.

हिशोब सोपा आहे. ६०,००० ला बीपीएमने, म्हणजे मिनिटातल्या ठोक्यांनी, भागा. १२० च्या लयीला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. त्याचा पाऊण, म्हणजे ३७५, ठेवलात की ती ओळखीची उड्या मारणारी डॉटेड एट्थ मिळते.

गढूळपणाचं कारण बहुधा क्रम. डिले ओव्हरड्राइव्हच्या आधी असेल, तर विरत जाणारे प्रतिध्वनीही दाबून मूळ सुराइतके मोठे होतात. गिटार, ओव्हरड्राइव्ह, मग डिले असं जोडा. डिस्टॉर्शन अ‍ॅम्पचंच असेल तर डिले इफेक्ट्स लूपमध्ये (अ‍ॅम्पवरच्या सेंड-रिटर्न जोडणीत). फीडबॅक (प्रतिध्वनी किती वेळा उमटतो) दोन-तीन आवर्तनांपुरता, मिक्स (प्रतिध्वनीचं प्रमाण) पावच्या आसपास.

अडॅप्टर बहुतेकदा ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह. तरी पेडलवरची खूण आणि मिलिअँपिअर वाचूनच लावा. एकाच वायरवर सगळी पेडल्स टांगलीत तर डिजिटल डिले बारीक शिट्टी घालतं. त्याला स्वतंत्र पुरवठा द्या.