‘डिस्टोपिया’ची फोड आणि ‘मौनसवलत’चा विग्रह

प्रश्न असा आहे: नववी-दहावीच्या मुलांना डिस्टोपियन कथा, म्हणजे ‘चांगली’ म्हणून लादलेल्या पण आतून जुलमी व्यवस्थेच्या गोष्टी, वाचायला द्यायच्या आहेत. ‘डिस्टोपिया’ला मराठीत काय म्हणावं? आणि उपसर्ग-प्रत्ययांची फोड शिकवल्याने कथा समजायला काही मदत होते, की तो व्याकरणाचा वेगळाच तास होऊन बसतो?

आधी शब्द. ग्रीक ‘डिस्’ म्हणजे वाईट किंवा अवघड, ‘टोपोस’ म्हणजे जागा. हा ‘डिस्’ आणि आपला ‘दुस्/दुर्’ सख्खे भाऊ आहेत, मूळ एकच. त्याच्या उलट बाजूचा ग्रीक ‘यू’ आणि आपला ‘सु’ यांचंही तेच. म्हणजे अक्षराला अक्षर लावून ‘डिस्टोपिया’चं मराठी केलं तर ‘दुःस्थान’ होतं. अडचण एवढीच की तो शब्द ज्योतिषांनी आधीच उचललेला आहे. कुंडलीतल्या सहाव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानाला ते दुःस्थान म्हणतात. ‘दुःस्वप्न’ वापरावंसं वाटतं, पण स्वप्न एकट्याचं असतं आणि त्यातून जाग येते. डिस्टोपिया सगळ्यांचा मिळून असतो आणि तिथे सकाळी कामावर जावं लागतं. माझं मत विचाराल तर शब्द ‘डिस्टोपिया’च ठेवा, आणि ‘दुःस्थान’ फक्त फळ्यावर, फोड दाखवण्यापुरतं लिहा.

‘टोपोस’ मुलांना परका नाही, फक्त त्यांना ते माहीत नसतं. विज्ञानाच्या पुस्तकातलं ‘समस्थानिक’ आठवायला सांगा. आयसोटोप हा शब्द १९१३ साली रूढ झाला: ‘आयसो’ म्हणजे सारखा आणि ‘टोप’ म्हणजे तीच जागा, आवर्तसारणीतली. मराठीत त्याचं सम + स्थान + इक असं तंतोतंत भाषांतर झालं आहे. एकदा ‘टोप’ म्हणजे स्थान हे पटलं की युटोपियाही, म्हणजे कल्पनेतली आदर्श जागाही, सुटतो. इंग्रज लेखक टॉमस मोरने १५१६ साली त्याच नावाच्या पुस्तकातल्या कल्पित बेटासाठी तो शब्द घडवला तेव्हा ‘ऊ’ म्हणजे ‘नाही’ घेतला, म्हणजे ‘नसलेली जागा’. पण त्याच पुस्तकाच्या सुरुवातीच्या एका छोट्या कवितेत त्या बेटाला ‘यू’पासूनचा ‘युटोपिया’, म्हणजे ‘सुस्थान’, म्हणावं असाही श्लेष आहे. इंग्रजी उच्चारात दोन्ही एकच ऐकू येतात. ‘डिस्टोपिया’ बराच नंतरचा. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडवरच्या भाषणात सरकारची बाजू घेणाऱ्यांना उद्देशून त्याचं रूप वापरलं होतं.

देवनागरीत लिहिताना इथे एक खड्डा आहे. ग्रीक ‘डिस्’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये वाय असतो (डिसेंट्री, डिस्लेक्सिया, डिस्टोपिया) आणि लॅटिन ‘डिस्’मध्ये आय (डिस्टन्स, डिसअ‍ॅग्री). पहिला ‘वाईट, अवघड’, दुसरा ‘वेगळं, दूर, नाही’. मराठी लिपीत दोघांचा चेहरा एकच. म्हणून हा भाग शिकवताना स्पेलिंग फळ्यावर हवंच, नाहीतर मुलं डिस्टोपियाचा अर्थ ‘जागा नाही’ असा लावतात आणि तो युटोपियावर जाऊन बसतो.

आता ‘दुर्’. याचे दोन अर्थ शिकवा, एक नाही. दुर्जन, दुराचार, दुष्परिणाम यांत ‘वाईट’. दुर्गम, दुर्मिळ, दुस्तर यांत ‘अवघड’. किल्ल्याला दुर्ग म्हणतात तो वाईट आहे म्हणून नव्हे, तिथवर जाणं अवघड म्हणून. रूपही पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतं: स्वरापुढे आणि मृदू व्यंजनापुढे ‘दुर्’, क-पपुढे ‘दुष्’, चपुढे ‘दुश्’, तपुढे ‘दुस्’, सपुढे सहसा विसर्ग. हे नियम कळले की शुद्धलेखनाचाही एक प्रश्न मिटतो. दुर् + अवस्था म्हणजे दुरवस्था; ‘दुरावस्था’ चूक. दुर् + आग्रह मात्र दुराग्रह, कारण तिथे ‘आ’ मुळातच आहे.

मुलं चुकतात ती पुढे. नवा तुकडा हाती आला की तो सगळीकडे दिसायला लागतो. दुर्बीणमध्ये ‘दुर्’ नाही. तो फारसी शब्द आहे, दूर आणि बीन, लांबचं पाहणारी. दुरुस्तही फारसी. दुकान अरबीतून फारसीमार्गे आलं. दुपार, दुहेरी, दुभाषी यांत दोन आहेत. यावर सोपी चाचणी म्हणजे ‘दुर्’ काढून ‘सु’ लावून बघणं: दुर्गम-सुगम, दुष्काळ-सुकाळ, दुर्लभ-सुलभ. ‘सुबीण’ होत नाही, ‘सुकान’ही नाही. चाचणी शंभर टक्के खरी नाही. दुर्मिळ अस्सल असूनही ‘सुमिळ’ कोणी म्हणत नाही, कारण तिथे संस्कृत उपसर्ग मराठी धातूला जोडला आहे. पण दहापैकी आठ वेळा ती वाचवते, आणि उरलेल्या दोन वेळा शब्दकोश उघडायला लावते.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे. फोड कथा समजायला मदत करते, पण लोकांना वाटतं तशी नाही. फोडीतून मिळतो तो अपेक्षित अर्थ. डिस्टोपियन कथा त्या अपेक्षेचा विश्वासघात करते. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या १९४९ सालच्या कादंबरीतल्या ‘न्यूस्पीक’ या सरकारी भाषेत सक्तमजुरीच्या छावणीचं नाव ‘जॉयकॅम्प’ आहे. जॉय आणि कॅम्प दोन्ही पाचवीतल्या मुलाला येतात. फोड अचूक, अर्थ पार उलटा. म्हणून वहीत चार रकाने आखायला लावा: शब्द, तुकडे, तुकड्यांवरून वाटणारा अर्थ, उताऱ्यात निघालेला अर्थ. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात फरक पडेल तिथेच थांबायचं. दोन्ही रकाने जुळले तर तो शब्द सोडून पुढे जायचं, त्यावर वेळ घालवायचा नाही.

उतारा लहान घ्या, दीडशे शब्दांच्या आत, नवे तुकडे पाच-सहाच. सरावासाठी हा बनवलेला नमुना चालेल, फक्त तीन वाक्यांचा:

“सुखवस्ती क्रमांक ७ मधील रहिवाशांना कळविण्यात येते की, येत्या सोमवारपासून मौनसवलत लागू होत आहे. ज्यांना बोलण्याचा त्रास अद्याप होत असेल, त्यांनी असहमती निवारण केंद्रात स्वेच्छेने हजर राहणे बंधनकारक आहे. गैरहजर राहणाऱ्यांची नोंद कधी नव्हतीच, असे समजले जाईल.”

पहिलं वाचन मोठ्याने, न थांबता. कोणी हसलं तर हसू द्या. दुसऱ्या वाचनात पेन्सिलीने दोन प्रकारचे शब्द अधोरेखित करायचे: कोशात नसलेले, आणि कोशात असून इथे वेगळेच वागणारे. तिसऱ्या वाचनात रकाने भरायचे.

‘मौनसवलत’वर दहा मिनिटं गेली तरी हरकत नाही. समासाचा विग्रह करायला सांगा. करसवलत म्हणजे करातून सवलत, म्हणजे कर कमी. त्याच साच्याने मौनसवलत म्हणजे मौनातून सवलत, आता बोला! पण पुढचं वाक्य ‘बोलण्याचा त्रास’ म्हणतं. म्हणजे विग्रह ‘मौनाची सवलत’ असा करावा लागतो: गप्प राहण्याची सोय करून दिली आहे. सक्तीला सोय म्हणण्याची ही चलाखी एका समासात बसली, आणि ती पकडायला दहावीचं व्याकरण पुरलं. ‘निवारण’ही तसंच. त्याच्या आधी आपण काय लावतो ते मुलांकडून गोळा करा: रोग, तक्रार, तंटा. त्या रांगेत ‘असहमती’ उभी केली की मत हे दुखणं ठरतं, कोणी तसं म्हटलेलं नसतानाही.

मग क्रियापदं. प्रत्येकाला ‘कोणी?’ विचारायचं. कळविण्यात येते – कोणी कळवलं? लागू होत आहे – कोणी केली? समजले जाईल – कोण समजणार? उत्तर नाही. तीन वाक्यांत ‘नी’ लागलेला कर्ता एकच, ‘त्यांनी’, आणि तो हुकूम पाळणारा. शेवटच्या वाक्यातला ‘च’ काढून वाचून दाखवा. ‘नोंद नव्हती’ ही चूक असू शकते, दुरुस्त होते. ‘नव्हतीच’ म्हटलं की दार बंद.

ज्या वर्गाला हे जमलं त्यांना भाषांतराचं एक कोडं द्या. न्यूस्पीकमध्ये सरकारने नोंदीतून पुसलेल्या माणसाला ‘अनपर्सन’ म्हणतात. मुलं पटकन ‘अमानुष’ लिहितात: अ + मानुष, फोड बिनचूक. पण मराठीत अमानुष म्हणजे क्रूर. शब्द बळीवरून उडी मारून मारणाऱ्यावर जाऊन पडतो. संस्कृत वैयाकरणांनी नकारार्थी ‘अ’चे सहा अर्थ मोजले आहेत, त्यांत अभाव वेगळा आणि विरोध वेगळा. इथे हवा आहे अभाव, आणि रूढ शब्द विरोधाकडे गेला आहे. त्यापेक्षा ‘नमाणूस’ बरा, कानाला खटकतो हेच त्याचं काम.

लघुरूपांनाही एक तास द्यायला हरकत नाही. न्यूस्पीक खात्यांची लांब नावं आखूड करते, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात मूळ शब्दांचे धागे जागे होत नाहीत. वर्तमानपत्रातलं ‘झोपु योजना’ (झोपडपट्टी पुनर्वसन योजना) घ्या आणि वर्गाला विचारा, हे ऐकताना झोपडी डोळ्यांपुढे येते का, आणि पुनर्वसन? यावरून ‘झोपु’ म्हणणारे कारस्थानी ठरत नाहीत, मथळ्यात जागा कमी असते एवढंच. हा फरक मुलांना सांगून टाकायचा, नाहीतर ती पालिकेच्या प्रत्येक फलकात डिस्टोपिया शोधू लागतात.

तीच गोष्ट कथांची. पूर, साथ, रोबोंची लढाई असली की मुलं ‘डिस्टोपियन’ लिहून मोकळी होतात. अशा वेळी विचारायचं: इथली व्यवस्था कोणीतरी ‘चांगली’ म्हणून लावून दिली आहे का, आणि ते चांगलेपण गोष्टीतल्या कोणत्या शब्दांत लिहिलंय? तसा एकही शब्द सापडला नाही, तर ती गोष्ट दुष्काळाची असेल, दुःस्थानाची नाही.