पहिला ई-लर्निंग कोर्स करताय? स्लाइड नंतर उघडा

ऑथरिंग टूल, म्हणजे कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर, कोणतं घ्यावं हा प्रश्न नंतरचा. आधी विभागप्रमुखांना विचारा, कोर्स झाल्यावर माणसाने कामावर नेमकं काय वेगळं करायला हवं? ‘जागरूकता वाढावी’ असं उत्तर आलं तर पिच्छा सोडू नका. कधी कधी कळतं की लोकांना सगळं येतंय, फॉर्मच किचकट आहे. मग फॉर्म सुधारायला सांगा, कोर्स कशाला?

खरी मेहनत प्रश्नांवर घ्या. ‘तक्रार निवारणाचे टप्पे किती?’ हे झालं पाठांतर. त्याऐवजी प्रसंग द्या: ग्राहक फोनवर चिडलाय, बिलाची रक्कम दोनदा कापली गेलीय, परतावा मंजूर करायचा अधिकार तुम्हाला नाही. आता काय बोलाल? चुकीचे पर्याय असे हवेत की नवखा माणूस खरंच ते निवडेल. निवडल्यावर नुसतं ‘चूक!’ न म्हणता ग्राहक पुढे काय करतो ते दाखवा. असे पर्याय जुन्या कर्मचाऱ्यांशी बोलूनच मिळतात, पीपीटीत सापडत नाहीत.

स्लाइडवरचा मजकूर आवाजात जसाच्या तसा वाचू नका, लक्ष विभागतं. सबटायटल मात्र हवीतच. ‘नेक्स्ट’ बटण लॉक करायचा हट्टही सोडा. लोक आवाज बंद करून दुसऱ्या टॅबवर जातात.

एलएमएसवर, म्हणजे जिथे लोक कोर्स करतात आणि त्यांची प्रगती नोंदली जाते त्या प्रणालीवर, कोर्स चालवून बघणं शेवटावर ढकलू नका. कोर्स आणि एलएमएस यांना जोडणाऱ्या स्कॉर्म १.२ या मानकात सस्पेंड डेटाला, म्हणजे माणूस कुठे थांबला त्याच्या नोंदीला, ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे. लांबलचक कोर्सने ती ओलांडली की प्रगती नीट साठत नाही, आणि अर्ध्यातून परत आलेला माणूस पुन्हा पहिल्या स्लाइडवर!