फॅन फिरतोय, पण वाफ जातच नाहीये

बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनबद्दल बरेच प्रश्न साठले होते. सारखे सारखे होते ते एकत्र केलेत, बाकी जसे आले तसे घेतोय.

प्रश्न: सहा इंची फॅन होता. छताला काळे ठिपके पडायला लागले म्हणून आठ इंची बसवला, आवाज वाढला, पण आरसा अजून तसाच धुकट होतो आणि ठिपकेही परत आलेत. आता दहा इंची बसवू का?

थांबा, अजिबात नको. आधी एक करून बघा. आंघोळीच्या वेळी लावता तसं दार घट्ट लावा, फॅन चालू करा आणि टिश्यू पेपरचा एक पदर जाळीला लावून हात सोडा. मग दार बोटभर उघडून परत तेच करा. दार उघडं असताना कागद चिकटून राहिला आणि दार लावल्यावर गळून पडला तर फॅन ठणठणीत आहे, त्याला बाहेर फेकायला हवाच मिळत नाहीये. हवा बाहेर जायची तर तेवढीच कुठून तरी आत यायला पाहिजे ना, आणि आपण दाराखालची फट उंबरा लावून, रबर लावून पक्की बंद करून टाकतो. भिंतीत बसणारे पंख्यासारखे फॅन हवा सरळ ढकलायला चांगले असतात पण ओढायला जरा जोर लागला की हात टेकतात. दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवा, नाहीतर दाराच्या खालच्या भागात लूव्हर, म्हणजे तिरप्या पट्ट्यांची जाळी, बसवून घ्या. सुताराचं तासाभराचं काम आहे.

दुसरं, फॅन आणि खिडकी शेजारी शेजारी आहेत का? तसं असेल तर खिडकीतून येणारी हवा लगेच फॅनमधून बाहेर जाते आणि शॉवरखालची वाफ जिथल्या तिथे राहते. फॅन चालू असताना खिडकी लावा, हवा दाराकडून येऊन शॉवरवरून जाऊ दे.

आता साइजचं. इंच हे पात्याचं आणि भिंतीतल्या भोकाचं माप, हवा किती जाते ते खोक्यावर वेगळं लिहिलेलं असतं. साधा हिशोब, बाथरूमची हवा तासाला ८ वेळा बदलायला हवी. ८ बाय ५ चं बाथरूम आणि उंची ८ फूट धरली तर ३२० घनफूट, गुणिले ८ म्हणजे २५६०, भागिले ६० म्हणजे मिनिटाला ४३ घनफूट, यालाच सीएफएम म्हणतात. म्हणजे ५० सीएफएमचा फॅन पुरला, पाइप लांब असेल तर वरचा घ्या. फक्त खोक्यावर आकडा कशाचा आहे ते बघा हां, काही जण तासाचे घनमीटर लिहितात, आणि १ सीएफएम म्हणजे तासाला साधारण १.७ घनमीटर. म्हणजे एकावर २५० घनमीटर आणि दुसऱ्यावर १५० सीएफएम असेल तर दोन्ही जवळपास सारखेच, २५० बघून हुरळून जाऊ नका.

आणि ते ठिपके, ती बुरशी आहे. फॅन सुधारला तरी आधीची आपोआप जाणार नाही, ती एकदा पुसून, छत पूर्ण वाळवून मगच रंग द्या, नाहीतर रंगाखालून परत वर येते.

प्रश्न: आमच्या बाथरूमला बाहेरची भिंतच नाही. फॉल्स सीलिंगमधून पाइप न्यावा लागेल, साधा फॅन लावून त्याला पाइप जोडला तर चालेल?

नाही चालणार. म्हणजे फिरेल, पण पाइपच्या पलीकडच्या टोकाला फुंकर मारल्याएवढीच हवा येईल. लांब पाइपला ब्लोअरसारखं गोल चाक असलेला सेंट्रिफ्यूगल फॅन किंवा पाइपच्या मधेच बसणारा इनलाइन फॅन लागतो. पाइप शक्यतो गुळगुळीत पीव्हीसीचा घ्या, चुण्यांचा लवचीक पाइप लावायला सोपा म्हणून सगळे तोच लावतात पण त्या चुण्यांत हवा अडते, लावायचाच झाला तर पूर्ण ताणून लावा. फॅनचं तोंड चार इंची असेल तर पाइपही चार इंची, मधे तीन इंची केलात की संपलं. वळणं जितकी कमी तितकं बरं. पाइपला बाहेरच्या बाजूला थोडा उतार ठेवा, कारण आत वाफेचं पाणी होतं आणि उतार उलटा असला तर ते फॅनमधून तुमच्या डोक्यावर टपकतं.

आणि पाइप खरंच घराबाहेर निघालाय का हे स्वतः डोळ्यांनी बघा. आमच्या घरी कारागिराने पाइपचं टोक फॉल्स सीलिंगच्या वर नुसतं सोडून दिलं होतं, खालून सगळं झकास, आरसासुद्धा स्वच्छ राहायचा, आणि दीड वर्षाने सीलिंगला पिवळे डाग पडून एक कोपरा खाली आला तेव्हा कळलं की आम्ही रोजची वाफ त्या पोकळीत साठवत होतो. चूक माझीही होती, काम झाल्यावर शिडीवर चढून बघायचा कंटाळा केला.

प्रश्न: फॅन लावला की गटाराचा वास येतो, बंद केला की जातो. असं कसं?

नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे फरशीवरच्या जाळीखालच्या भांड्यातलं, पाणी वाळलंय. ट्रॅपमधे पाणी असतं तेच खालचा वास अडवतं. ते आटलं की फॅनला हवा यायला तीच वाट मोकळी मिळते, त्यात दार घट्ट असेल तर विचारूच नका. तांब्याभर पाणी ओता. कमी वापराच्या बाथरूममधे हे आठवड्यातून एकदा करायचं. पाणी ओतूनही वास राहिला तर ट्रॅपच तडकलाय किंवा नीट बसवलेला नाही, मग प्लंबर.

प्रश्न: फॅन हूं हूं करतो पण फिरत नाही, काडीने ढकलला की फिरतो. नवीन घ्यावा लागेल का? आणि साफ कसा करायचा?

पहिलं, हूं हूं करतोय तसा चालू ठेवू नका, अडकलेल्या मोटरची कॉइल तापून जळते. आणि काडी प्लीज नको.

एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला त्या लाइनचा खटका, पाडा, नुसता बोर्डावरचा स्विच नाही. मग पातं हाताने फिरवा. जड फिरत असेल तर धूळ आणि ओल मिळून झालेला चिखल बुशमधे, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कडीत, बसलाय. सहज फिरतंय पण स्वतःहून सुरू होत नाही तर बहुतेक कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला मदत करणारा पार्ट, गेलाय, तो तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (हे त्याच्या क्षमतेचं माप) बदलायचा, स्वस्त पार्ट आहे. लहान फॅनमधे बऱ्याचदा कपॅसिटर नसतोच, तिथे दोष बुशचाच निघतो.

साफ करताना जाळी आणि पातं काढून साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा. पात्याचा नट काही फॅनला उलट्या आट्यांचा असतो, सुटत नसेल तर जोर लावायच्या आधी दुसरीकडे फिरवून बघा. मोटरला पाणी लावायचं नाही, कोरडा ब्रश बस. बुशवाली मोटर असेल तर पातळ मशीन ऑइलचे दोन थेंब, स्वयंपाकाचं तेल घालू नका, ते चिकट होऊन आणखी धूळ धरतं. सीलबंद बेअरिंग असेल तर तेलाचं कामच नाही. बाहेरच्या झडपा विसरू नका, फॅन चांगला असतो पण झडप मळाने अर्धीच उघडते असं खूप वेळा निघतं. सगळं खडखडीत वाळल्यावर जोडा आणि टिश्यूने परत बघा, पातं उलटं बसलं की हवा जाणं फारच कमी होतं. तीन-चार महिन्यांतून एकदा केलं तरी पुष्कळ.

प्रश्न: बाथरूममधे गॅस गिझर आहे, फॅन लावला की सेफ ना?

नाही. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही वास नाही, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. फॅनच्या भरवशावर राहू नका, तो बंद पडू शकतो, लावायचा विसरू शकतो, आणि गिझरला धूर बाहेर नेणारा पाइप असेल तर जोराचा फॅन त्यातला धूर उलटा आत ओढू शकतो. गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत काढा, आत फक्त गरम पाण्याचा नळ येऊ दे. हे या महिन्यात करा, फॅनचं नंतर बघू.

प्रश्न: आंघोळ झाल्यावर किती वेळ चालू ठेवायचा? घरात वीजबिलावरून वाद होतात.

वीस मिनिटं. ३० वॅटचा फॅन वीस मिनिटं चालला तर १० वॅट-अवर होतात, म्हणजे शंभर वेळा लावलात तर एक युनिट. एवढ्यावर भांडण होत असेल तर टायमरवाला स्विच बसवा.