१८३० ते १८७८: सर्बिया नेमका कुणाचा होता?

प्रश्न असा आहे, की १८३० साली ऑटोमन (तुर्की) सुलतानाने सर्बियाला स्वायत्तता दिली, तर स्वातंत्र्य १८७८ चं का धरतात? मधली ४८ वर्षं तो देश होता की ऑटोमन प्रांत?

माझं म्हणणं, नुसती फर्मानं वाचू नका. वसुली कोण करत होतं आणि किल्ल्यात तोफा कुणाच्या होत्या, ते बघा. दोन्हीकडून वेगळी उत्तरं मिळतात.

वसुलीत सर्बिया जवळपास मोकळा झाला होता. १८१५ च्या उठावानंतर त्याचा सर्ब पुढारी मिलोश ओब्रेनोविचने ऑटोमन सुभेदार मराशली अली पाशाशी तोंडी समझोता केला आणि पुढे वाटाघाटी करत, नजराणे पोचवत एकेक हक्क पदरात पाडून घेतला. १८३० मध्ये त्याची गादी वंशपरंपरागत झाली. १८३३ मध्ये २३ लाख कुरुश (ऑटोमन नाणं) अशी ठोक खंडणी ठरली. ती राजाने भरायची. जमिनीवरचे सिपाही, म्हणजे गावांचा वसूल खाणारे ऑटोमन घोडेस्वार जहागीरदार, गेले आणि शेतकऱ्याच्या दारात ऑटोमन वसूलदार येईनासा झाला. माझ्या लेखी मिलोशच्या किताबापेक्षा हे कितीतरी मोठं.

राज्यघटनेत मात्र हात बांधलेलेच. १८३५ ची स्वतःची घटना काही आठवड्यांतच गुंडाळावी लागली, कारण ऑटोमन, रशिया, ऑस्ट्रिया तिघांनाही ती खपेना. १८३८ ची घटना थेट इस्तंबूलहून आली. तिच्यातली मेख बघा: राजासोबत कारभार बघणाऱ्या मंडळातले १७ सदस्य, पण सुलतानाच्या दरबारात गुन्हा शाबीत झाल्याशिवाय एकालाही राजाने काढायचं नाही. पुढच्याच वर्षी मिलोशने गादी सोडली.

आणि बेलग्रेडचा किल्ला! शहर सर्ब राजाची राजधानी, वर किल्ल्यात ऑटोमन शिबंदी. जून १८६२ मध्ये चुकुर चेस्मा या पाणवठ्यावर ऑटोमन शिपायांशी भांडण होऊन एका सर्ब पोराला मार बसला. गावात दंगल पेटली आणि दोनच दिवसांनी किल्ल्यावरून शहरावर तोफा डागल्या गेल्या. बड्या सत्ता मध्ये पडल्या, तरी शिबंदी हलायला १८६७ उजाडलं. तेव्हा किल्ल्याच्या चाव्या मिलोशचा मुलगा आणि तेव्हाचा राजा मिहाइलो ओब्रेनोविचच्या हाती आल्या, पण अट घालून: सर्ब झेंड्याशेजारी ऑटोमन झेंडाही फडकत राहील.

१८७६ मध्ये याच मांडलिक सर्बियाने सुलतानाविरुद्ध युद्ध पुकारलं, सपाटून मार खाल्ला आणि रशियाने सुलतानाला निर्वाणीचा इशारा दिला म्हणून बचावला. मग रशियाच स्वतः युद्धात उतरला आणि १८७८ च्या बर्लिन तहात सर्बियाच्या स्वातंत्र्यावर सुलतानासकट सगळ्या बड्या सत्तांच्या सह्या झाल्या.