खोल्या नव्हे, चौरस फूट मोजा

लॉस एंजेलिसमधील हॉटेलात साफसफाईच्या कामावर नव्याने रुजू होणाऱ्या भगिनीस माझे पहिले सांगणे असे की, दिवसाला किती खोल्या केल्या एवढेच लिहून ठेवू नका. 2022 च्या शहर-अध्यादेशानुसार 60 वा अधिक खोल्यांच्या हॉटेलात एकीने आठ तासांत साफ करायच्या जागेला 3,500 चौरस फुटांची मर्यादा आहे, आणि ती ओलांडायला लावल्यास मालकाला त्या दिवसाच्या सर्व तासांचे दुप्पट वेतन द्यावे लागते. म्हणून वहीत खोली क्रमांक, तिचे क्षेत्रफळ, आणि पाहुणा राहत होता की खोली सोडून गेला होता, हे रोजच्या रोज नोंदवा. सोडलेल्या खोलीला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, हे पर्यवेक्षक सोयीस्करपणे विसरतात.

जड गाद्या उचलून खांदा वा कंबर दुखू लागली, तर सहन करत बसू नका. तक्रार लेखी द्या. 1 जुलै 2018 पासून लागू असलेल्या कॅलिफोर्नियाच्या नियमानुसार मालकाने स्नायू व सांध्यांच्या दुखापती टाळण्याचा लेखी कार्यक्रम राखायचा असतो, आणि कामाच्या पाहणीत कर्मचाऱ्यांना सहभागी करून घ्यायचे असते. तक्रारीची दखल न घेतल्याने निदर्शने करायची वेळ आली, तर एकटीने उभे राहू नका. आधी मजल्यावरील चौघींच्या वह्या एकत्र करा आणि त्या घेऊन युनियनच्या प्रतिनिधीला भेटा.