चकवा धरत नाही, ‘लागतो’

निफाडकडच्या द्राक्षबागेत घडणारी भयकथा लिहिणाऱ्या नाशिकच्या एका अकरावीतल्या मुलीचा प्रश्न आहे: ‘“चकव्याने त्याचा हात धरला” हे माझं वाक्य मैत्रिणीला खटकतं, का ते तिला सांगता येत नाही. शिवाय चकवा नावाचा पक्षीही असतो म्हणे. दोन्ही एकच का?’

तुझ्या मैत्रिणीचा कान तयार आहे. हडळ धरते, भूत झपाटतं, मुंजा पिंपळावर बसतो. चकवा मात्र लागतो. दृष्ट लागते, ठेच लागते, तसा. चकवा लागलेला माणूस ‘अमुक दिसलं’ म्हणत नाही. रात्रभर चाललो आणि फिरून त्याच बांधावर आलो, एवढंच सांगतो. जुन्या माणसांचा उपायही तसाच साधा: आहे तिथे बसायचं, उजाडलं की वाट सापडते. तू चकव्याला हात दिलास आणि त्याचं साधं भूत करून टाकलंस.

खरी गंमत क्रियापदात आहे. ‘पोलिसांना चकवा देऊन आरोपी पसार’ ही बातमी आपण रोज वाचतो. तिथे चकवा देणारा माणूस असतो, त्याचा हेतू असतो. ‘देणे’ जाऊन ‘लागणे’ आलं की देणारा नाहीसा होतो. तुझ्या गोष्टीत एका मित्राने दुसऱ्याला बागेत गंमत म्हणून चकवा द्यावा आणि मग दोघांनाही तो लागावा. सारख्या ओळी, डोक्यावर वेलींचा मंडप; चकव्याला याहून सोयीची जागा कुठली!

पक्ष्याचा चकवा वेगळा. ‘चकवणे’शी त्याचं नातं नाही, संस्कृत ‘चक्रवाक’ प्राकृतातून झिजत तो आला. हेच ब्राह्मणी बदक, नारिंगी-बदामी रंगाचं. हिवाळ्यात ते तुझ्या निफाड तालुक्यातच, गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूरमध्यमेश्वरला येतं. (जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ते हेच.) जुन्या कवींच्या संकेतानुसार चकवा-चकवीची रात्री ताटातूट होते आणि दोघं नदीच्या दोन काठांवरून पहाटेपर्यंत एकमेकांना हाका मारत राहतात.

म्हणजे पक्षी पाहून परतताना बागेत अंधार पडला आणि एकजण म्हणाला, ‘घाबरू नकोस, चकवा ओरडतोय,’ तर दुसऱ्याने काय समजायचं?